मलिक अंबर : हबशी वजिराने बसवलेली घडी

इतिहासातील काही माणसांची खरी उंची त्यांच्या मित्रांपेक्षा त्यांच्या शत्रूंच्या लेखनावरून अधिक चांगली कळते. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा अशा माणसांपैकी एक होय. इ. स. १६१६ च्या सुमारास मोगल बादशहा जहांगीर याच्या पदरी असलेल्या अबुल हसन या नामवंत चित्रकाराने एक चित्र काढले. ते सध्या आयर्लंडमधील डब्लिन येथे चेस्टर बीटी संग्रहात आहे. पृथ्वीच्या गोलावर उभा राहिलेला जहांगीर भाल्याच्या टोकावर खोचलेल्या एका कृष्णवर्णी मस्तकावर बाण सोडीत आहे, असा त्या चित्राचा विषय. ते मस्तक मलिक अंबरचे आहे. प्रत्यक्षात असे काही कधीच घडले नाही. चित्र रंगविले गेल्यानंतरही मलिक अंबर दहा वर्षे जिवंत होता, राज्यकारभार पाहत होता आणि मोगल फौजांना दख्खनच्या डोंगरांत झुलवीत होता. त्या काळच्या जगातील एका अत्यंत वैभवशाली साम्राज्याच्या अधिपतीला जे रणांगणावर साधले नाही, ते कागदावर साधून घेण्याची वेळ आली.

जहांगीरने आपल्या आत्मवृत्तात या वैऱ्याचा उल्लेख करताना त्याच्या वर्णावरून आणि जन्मावरून हीन शब्द वापरण्यास कमी केलेले नाही. परंतु मलिक अंबरच्या मृत्यूनंतर त्याच दरबारातील इतिहासकार मुतमदखान याने, युद्धकौशल्यात आणि राज्यकारभारात या माणसाला तोड नव्हती आणि त्याने आयुष्याच्या अखेरपर्यंत आपली प्रतिष्ठा राखली, अशी मोकळेपणाने कबुली दिली आहे. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसाने इतक्या उंचीवर पोहोचावे याचे त्यालाही आश्चर्य वाटले.

महाराष्ट्राला हे नाव अपरिचित नाही. शालेय पुस्तकांत शहाजीराजांच्या प्रकरणाआधी ते एकदोन परिच्छेदांत येते, गनिमी काव्याचा उल्लेख होतो आणि पुस्तक पुढे सरकते. या घाईत दोन गोष्टी मागे पडतात. एक अशी की, हा पुरुष आफ्रिकेतून आलेला होता आणि आफ्रिकेने हिंदुस्थानच्या इतिहासात घातलेली भर मोजावयाची झाल्यास त्याचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. दुसरी अशी की, त्याच्या कर्तृत्वाचा सर्वांत टिकाऊ भाग लढायांपेक्षा शेतसाऱ्याच्या व्यवस्थेत शोधावा लागतो. लढायांनी मिळवलेला मुलूख त्याच्यामागे दहा वर्षेही टिकला नाही. जमाबंदीची घडी मात्र त्याच्यामागे कैक पिढ्या चालली.

बाजारातून दरबाराकडे

मलिक अंबरचा जन्म सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात, म्हणजे जुन्या हबसाणात झाला. त्याचे मूळ नाव चापू असे सांगितले जाते. बालपणीच तो गुलामांच्या व्यापारात सापडला. तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरात त्याची विक्री झाली. तेथे त्याची किंमत ८० गिल्डर पडली होती, अशी नोंद पुढे एका डच व्यापाऱ्याने करून ठेवली आहे. तेथून तो बगदादला मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याकडे गेला. या धन्याने मुलाची बुद्धी ओळखली, त्याला लिहावयास-वाचावयास शिकविले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव ठेवले.

हा व्यापार कशावर चालत होता हे समजून घेणे येथे आवश्यक आहे. इथिओपियाच्या उच्चभूंना हिंदुस्थानी कापडाची मोठी आवड होती. त्या कापडाचा मोबदला सोने, हस्तिदंत आणि माणसे या रूपाने चुकता होई. दख्खनच्या सुलतानांना घोडेस्वार हवे होते आणि हबशी तरुण लढवय्ये व एकनिष्ठ म्हणून प्रसिद्ध होते. अरबी समुद्राच्या एका काठावरचे माग आणि दुसऱ्या काठावरची दुःखे यांचा असा सरळ हिशेब जुळत होता. गुलामगिरीचा विचार आला म्हणजे आपली दृष्टी एकदम अटलांटिक महासागराकडे आणि अमेरिकेतील ऊसमळ्यांकडे जाते. आपल्याच किनाऱ्यावर उतरलेल्या गुलामांची आठवण आपल्याला क्वचितच होते.

दोन्ही ठिकाणच्या गुलामगिरीत एक महत्त्वाचा फरक मात्र होता. दख्खनमध्ये हबशी गुलाम विकत घेतला जाई तो मुख्यतः शस्त्र धरण्यासाठी. त्याला येथे नातेगोते नसे, वतन नसे, भाऊबंदकी नसे. त्याची निष्ठा एका धन्यावर असे. धनी गेला की तो बहुधा मोकळा होई आणि गुणांच्या बळावर शिलेदार, सरदार, क्वचित त्याहूनही मोठा होऊ शके. बंगालमध्ये १४८७ ते १४९३ या काळात हबशी सुलतानांनी तख्त भोगले होते. अहमदाबादेत सिदी सैयद याने उभारलेली मशीद तिच्या दगडी जाळीच्या कामासाठी आजही जगप्रसिद्ध आहे. म्हणजे मलिक अंबर हा अपवाद नव्हता. तो एका जुन्या परंपरेतील सर्वांत मोठा पुरुष होता.

१५७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतः एके काळचा हबशी गुलाम होता आणि त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी होते. राज्य कसे चालते, दरबारातील दख्खनी आणि परदेशी अमीर एकमेकांवर कशी मात करू पाहतात, खजिना कोठून भरतो आणि कोठे गळतो, हे सारे अंबरने या घरात पाहिले. १५७५ च्या सुमारास चंगीझखानाचा अंत झाला. त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. त्यानंतरची सुमारे वीस वर्षे त्याने लहान तुकडीचा नायक म्हणून काढली. काही काळ तो विजापूरच्या चाकरीतही होता आणि मलिक ही पदवी त्याला तेथेच मिळाली. १५९५ मध्ये तो अहमदनगरला परतला तेव्हा त्याच्याजवळ अवघे दीडशे स्वार होते आणि वयाची सत्तेचाळीस वर्षे उलटत आली होती.

राजा न होता राज्य

याच वर्षी अकबराच्या फौजा अहमदनगरावर चालून आल्या. चांदबिबीने किल्ला लढविला, वऱ्हाड देऊन तह केला. परंतु पाच वर्षांनी, १६०० मध्ये, तिचा खून होऊन किल्ला मोगलांच्या हाती पडला आणि सुलतान कैद झाला. वास्तविक निजामशाही तेथेच संपावयाची. राजधानी गेली होती, राजा गेला होता, सरदार आपापल्या जहागिरी वाचविण्याच्या खटपटीत होते. अशा वेळी मलिक अंबरने राजघराण्यातील एक तरुण शोधून काढला, परांड्याच्या किल्ल्यात त्याला मुर्तजा निजामशहा म्हणून तख्तावर बसविले आणि आपली मुलगी त्याला दिली. विखुरलेले स्वार त्याच्याभोवती गोळा होऊ लागले.

स्वतः राजा होणे त्याला शक्य नव्हते. जन्माने परका आणि एके काळचा गुलाम असलेल्या माणसाला दख्खनच्या अमिरांनी सुलतान म्हणून मानले नसते. म्हणून पुढची सव्वीस वर्षे त्याने दुसऱ्याच्या नावाने राज्य केले. याचा एक परिणाम असा झाला की, त्याच्या सत्तेला वंशाचा आधार नव्हता. तिला आधार होता तो केवळ यशाचा. सैन्याला पगार वेळेवर मिळाला, गावे नांदती राहिली आणि शत्रू दूर राहिला, तोवरच त्याचे स्थान सुरक्षित होते. त्याच्या कारभारातील काटेकोरपणाचे एक कारण या परिस्थितीत सापडते.

त्याचे चरित्र निष्कलंक होते असे मात्र नाही. राजू दख्खनी या प्रतिस्पर्ध्याला त्याने नामशेष केले. १६१० मध्ये मुर्तजा निजामशहाचा विषप्रयोगाने अंत झाला. त्यामागे अंबरचाच हात होता आणि राणीवशात त्याच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवल्याचे ते पर्यवसान होते, असे समकालीन वृत्तान्त सांगतो. त्याच्या जागी अंबरने एका बालकाला गादीवर बसविले. त्या काळच्या राजकारणात असे प्रकार नवे नव्हते, एवढेच म्हणता येईल. त्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. शिवाय जो स्वतः विकला गेला त्याने पुढे आपल्या सैन्यासाठी हबशी गुलाम विकत घेतलेच. ज्या व्यवस्थेने त्याला घरापासून तोडले, ती त्याने मोडली नाही. तिचा उपयोग केला.

त्याच्या फौजेची रचना मात्र लक्षणीय होती. या काळात मोगल मुलखातून फिरणाऱ्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने तिचा अंदाज सुमारे १०,००० हबशी आणि ४०,००० दख्खनी असा दिला आहे. या दख्खनी स्वारांत मराठ्यांचा भरणा मोठा होता. लखुजी जाधवराव, मालोजी आणि विठोजी भोसले, पुढे शहाजीराजे ही घराणी निजामशाहीच्या छत्राखाली वाढली. हलके, चपळ असे हे बारगीर आणि शिलेदार मोगलांच्या अवजड तोफखान्याशी समोरासमोर भिडत नसत. ते रसद तोडीत, चाऱ्याला निघालेल्या तुकड्या कापीत, शत्रूला घाटांत ओढून नेत आणि रात्री छावणीवर पडत. १६११ च्या सुमारास गुजरातेतून दौलताबादेवर चालून आलेल्या अब्दुल्लाखानाच्या मोठ्या फौजेची त्यांनी अशीच दैना केली आणि तिला परत फिरावे लागले.

इजारा आणि धारा

असे युद्ध वर्षानुवर्षे चालवावयाचे तर पैसा लागतो, आणि त्या काळात पैसा म्हणजे मुख्यतः शेतसारा. मोगलांजवळ गुजरात, बंगाल, गंगेचे खोरे होते. मलिक अंबरजवळ होता दख्खनचा अवर्षणप्रवण, खडकाळ आणि सततच्या स्वाऱ्यांनी उजाड झालेला मुलूख. या मुलखातून इतक्या मोठ्या सैन्याचा खर्च भागविण्यासाठी त्याने जी पद्धत अवलंबिली, ती त्याची खरी कामगिरी होय.

त्यापूर्वी सारावसुलीचा सर्रास मार्ग इजाऱ्याचा होता. एखाद्या महालाच्या वसुलीचा लिलाव होई. जो अधिक रक्कम देऊ करील त्याला वसुलीचा हक्क मिळे. सरकारला रक्कम आगाऊ आणि निश्चित मिळत असल्याने ही पद्धत खजिन्याला सोयीची वाटे. परंतु इजारदाराचा हक्क एकदोन वर्षांचा असल्याने गाव पुढे जगेल की नाही याची त्याला फिकीर नसे. दिलेल्या रकमेवर नफा काढण्यासाठी तो रयतेला पिळी आणि निघून जाई. दुसऱ्या वर्षी बियाणे नसे, बैल नसत आणि अखेरीस माणसेही नसत. त्या काळी दख्खनमध्ये जमीन विपुल आणि कसणारे हात अपुरे अशी स्थिती होती. जाच वाढला की कुणबी रातोरात गाव सोडून दुसऱ्याच्या मुलखात जाई. म्हणजे रयतेचे पलायन हीच सरकारच्या लोभाला असलेली खरी मर्यादा होती, आणि इजारा पद्धतीला ती दिसत नसे.

मलिक अंबरने इजारा मोडला. जमिनीची पाहणी करून तिचा मगदूर ठरविण्यात आला. सुपीक आणि हलक्या जमिनींचे वेगळे वर्ग पडले. प्रत्यक्ष पिकाचा अंदाज घेऊन सरकारी हिस्सा ठरू लागला. आरंभी हा हिस्सा धान्यरूपाने सुमारे दोन-पंचमांश होता आणि काही हंगामांच्या अनुभवानंतर तो रोख रकमेत, उत्पन्नाच्या सुमारे एक-तृतीयांश किमतीइतका, ठरविण्यात आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जेवढी जमीन लागवडीस आली तेवढ्यावरच त्या वर्षीचा सारा, हे त्यातील महत्त्वाचे तत्त्व होते. वसुलीचे आणि हिशेबाचे काम बहुतांशी ब्राह्मण कारकुनांकडे आणि त्यावरील देखरेख मुसलमान अधिकाऱ्यांकडे होती. पाटील आणि इतर गावकामगार यांचे वंशपरंपरागत हक्क मान्य करून गावाला त्याच्या जमिनीची जबाबदारी देण्यात आली.

हा भार अगदी हलका होता असे म्हणता येणार नाही. उत्पन्नाचा तिसरा हिस्सा सरकारात जाणे ही आजच्या दृष्टीने जबर गोष्ट आहे. परंतु कुणब्याच्या दृष्टीने खरा प्रश्न केवळ दर किती हा नसतो. तो दर आधी ठाऊक आहे का, आणि अधिक कष्ट करून पिकविलेले आपल्या घरात राहील का, हा असतो. इजारदाराच्या अमलात अधिक पिकविणे म्हणजे अधिक लुटले जाणे होते. धारा ठरल्यावर अधिक पिकविण्यात कुणब्याचा लाभ दिसू लागला, पडीत जमीन उठू लागली आणि दर माफक असूनही सरकारची आवक टिकून राहिली. कराचा दर आणि कराचे उत्पन्न या दोन गोष्टी एकाच दिशेने चालतात असे नाही, हे तत्त्व आज अर्थशास्त्राच्या पुस्तकांत शिकविले जाते. अकबराच्या राज्यात तोडरमलाने ते ओळखले होते. दख्खनच्या अधिक कठीण भूमीत आणि ऐन युद्धाच्या धामधुमीत मलिक अंबरने ते अमलात आणले.

यामागे केवळ दया होती असे समजण्याचे कारण नाही. त्याला स्वार पोसावयाचे होते. शिवाय त्याच्या युद्धपद्धतीतच एक विसंगती होती. शत्रूची रसद तोडावयाची म्हणजे वाटेवरचा चारा आणि धान्य नाहीसे करावयाचे, आणि ते धान्य बहुधा आपल्याच रयतेचे असे. ज्या रयतेला त्याच्या जमाबंदीने उभे केले तिलाच त्याच्या आणि मोगलांच्या लढायांची झळ सोसावी लागली. हा विरोध त्याला सोडविता आला नाही. परंतु शांततेचे एखादे वर्ष मिळताच गावे पुन्हा वसत, यावरून त्याच्या व्यवस्थेची ताकद लक्षात येते.

१६१७ मध्ये पीटर व्हान डेन ब्रुक हा डच व्यापारी सुरतेहून मच्छलीपट्टणकडे जाताना मलिक अंबरच्या छावणीत आला होता. मोखा येथील किमतीची नोंद त्याचीच आहे. धिप्पाड देहाचा, सर्वांच्या आदरास पात्र झालेला आणि कडक शिस्तीने राज्य चालविणारा पुरुष असे अंबरचे चित्र त्याच्या लेखनातून उभे राहते. दूरच्या देशांतील व्यापाऱ्याला भीती न बाळगता जाता यावे, ही त्या काळी राज्यकारभाराची मोठी कसोटी होती.

खडकीचे पाणी

१६१० मध्ये दौलताबादेजवळच्या खडकी या लहानशा खेड्याच्या जागी मलिक अंबरने नवे शहर वसविण्यास आरंभ केला. मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून १६१२ मध्ये उभारलेली भडकल दरवाजाची वास्तू त्या शहराची आजही साक्ष देते. परंतु जागेला मोठी अडचण होती. शहराच्या वाढत्या वस्तीला पुरेल एवढे पाणी तेथे नव्हते.

यावर त्याने काढलेला उपाय म्हणजे नहर-ए-अंबरी. शहराच्या उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी भुयारी बोगद्यात गोळा करावयाचे आणि केवळ उताराच्या बळावर ते शहरात आणावयाचे, अशी ही योजना होती. वाटेत ठरावीक अंतरावर बांधलेल्या विहिरीवजा तोंडांतून आत उतरून बोगदा साफ करता येई. पाणी जमिनीखालून वाहत असल्याने बाष्पीभवनाने ते फारसे आटत नसे आणि शत्रूला सहज तोडताही येत नसे. इराण आणि अरब देशांत ही विद्या जुनी होती. दख्खनमध्येही ती अगदीच अज्ञात नव्हती. बगदादेत वाढलेल्या या माणसाने दख्खनच्या काळ्या पाषाणात ती इतक्या यशस्वीपणे राबविली की, पुढील राज्यकर्त्यांनी तोच कित्ता गिरवून शहरात आणखी नहरी आणल्या.

खडकीचे नशीब मात्र कठीण होते. १६१६ मध्ये काही मराठा सरदार फुटून मोगलांना मिळाले, जालन्याजवळ रोशनगाव येथे मलिक अंबरचा पराभव झाला आणि मोगल सैन्याने खडकी जाळून उद्ध्वस्त केली. १६१७ मध्ये शाहजादा खुर्रम दख्खनमध्ये उतरला आणि अंबरला तह करून अहमदनगरचा किल्ला व बालाघाट सोडावा लागला. याच कामगिरीबद्दल खुर्रमला शाहजहान ही पदवी मिळाली. तीन वर्षांत अंबरने बहुतेक मुलूख परत घेतला; १६२१ मध्ये शाहजहान पुन्हा आला आणि खडकी दुसऱ्यांदा उद्ध्वस्त झाली. प्रत्येक वेळी शहर पुन्हा उभे राहिले. जमिनीवरच्या इमारती मोगलांना पाडता आल्या. जमिनीखालचा नहर आणि खेड्यापाड्यांतून चालणारी वसुली यांच्यापर्यंत त्यांचा हात पुरता पोहोचला नाही, हे त्याचे कारण म्हणता येईल.

भातवडीचा डाव

मलिक अंबरच्या आयुष्यातील सर्वांत मोठा विजय त्याला पंचाहत्तरी उलटल्यावर मिळाला. १६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर एक झाले आणि त्यांच्या संयुक्त फौजा त्याच्यावर चालून आल्या. अहमदनगरपासून (आजचे अहिल्यानगर) सुमारे पंधरा किलोमीटरवर असलेल्या भातवडी येथे त्याने ठाण मांडले. तेथील तलावाचा बांध त्याने फोडला. पाण्याने आणि चिखलाने शत्रूची वाट अडली, तोफा आणि जनावरे रुतून बसली, अन्नचाऱ्याचा तुटवडा पडला. रोज रात्री छावणीवर छापे पडू लागले. कंटाळलेले सैनिक पळून जाऊ लागले आणि मग अंबरने निकराचा हल्ला केला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहंमद लारी मारला गेला, अनेक मोगल सरदार कैद झाले.

या युद्धात शहाजीराजांनी मोठा पराक्रम गाजविला आणि त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. पुढे शिवाजी महाराजांच्या आश्रयास असलेल्या कवी परमानंदाने शिवभारतात या लढाईचे सविस्तर वर्णन केले आहे, यावरून भोसले घराण्याच्या स्मृतीत तिचे स्थान किती मोठे होते हे दिसते. विजयानंतर मलिक अंबर थेट विजापूरवर चालून गेला, त्याने नवरसपूर लुटले आणि १६२५ मध्ये सोलापूरचा किल्ला घेतला. ज्या शाहजहानने त्याला दोनदा नमविले होते, तोच या सुमारास बापाविरुद्ध बंड करून त्याच्या मदतीची अपेक्षा करीत दख्खनमध्ये आला होता. परंतु याच काळात शहाजीराजे त्याला सोडून विजापूरकडे गेले. कर्तृत्ववान माणसे आपल्याभोवती जमविणे अंबरला साधले. त्यांना अखेरपर्यंत धरून ठेवणे मात्र नेहमी साधले नाही.

मे १६२६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाच्या आसपास, मलिक अंबर मरण पावला. खुलताबाद येथे त्याची कबर आहे. त्याचा मुलगा फत्तेखान याच्या अंगी बापाचे गुण नव्हते. ज्या सुलतानाच्या नावाने बापाने राज्य केले त्यालाच त्याने मारले, आणि १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हवाली केले. शहाजीराजांनी आणखी एका बालसुलतानाच्या नावाने तीन वर्षे झुंज दिली. १६३६ मध्ये निजामशाही इतिहासजमा झाली.

मागे काय उरले

राज्य बुडाले तरी गावोगावचे हिशेब बुडाले नाहीत. मलिक अंबरच्या कारभाराचे मूळ दप्तर फारसे उरलेले नाही. परंतु पुढच्या काळातील मराठी कागदपत्रांत मलिकंबराच्या कारकिर्दीतील वहिवाटीचा दाखला वारंवार दिला जातो. जमिनीच्या तंट्यात त्या काळी काय चालत होते हे प्रमाण मानले जाई. पुणे प्रांतात दादोजी कोंडदेवांनी उजाड गावे पुन्हा वसविली, तेव्हा त्यांनी हाच पाया धरला असे मानले जाते. शिवाजी महाराजांच्या राज्यात पाच हिश्शांपैकी तीन रयतेचे आणि दोन सरकारचे, असे प्रमाण होते, ही माहिती सभासदाच्या बखरीतून मिळते. इजारदाराऐवजी सरकारी कारकुनाने वसूल करावा, जमीन मोजून आणि तिचा मगदूर पाहून सारा ठरवावा, ही तत्त्वे स्वराज्यात अधिक शिस्तीने आणि अधिक सहानुभूतीने राबविली गेली. त्यांचा प्रारंभ दख्खनमध्ये आधीच झालेला होता.

ही तत्त्वे विसरल्यास काय होते याचा धडा दोन शतकांनी मिळाला. पेशवाईच्या अखेरच्या काळात इजारा पुन्हा बोकाळला आणि मुलूख खंगला. त्यानंतर इंग्रजी अमलात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२८ पासून पुणे जिल्ह्यात नवी जमाबंदी सुरू केली. विलायतेत शिकलेले खंडाचे सिद्धान्त हाताशी धरून त्याने निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरविला. कागदावर हिशेब बिनचूक दिसत होता. प्रत्यक्षात मोजणी चुकीची होती, दर झेपणारा नव्हता आणि इंदापूर तालुक्यात शेते ओस पडली. अखेर १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांना नवी, माफक, तीस वर्षांसाठी कायम अशी आकारणी करावी लागली. दर माफक असावा, तो आधी ठाऊक असावा आणि त्याला स्थैर्य असावे, हा शहाणपणा नव्या राज्यकर्त्यांना मुलूख ओस पडल्यावर सुचला. निजामशाहीचा हबशी वजीर त्या मार्गाने आधीच गेला होता.

हबशांचा इतिहास येथे संपत नाही. जंजिऱ्याच्या सिद्दींचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. गुजरात, कर्नाटक आणि गोव्यात सिद्दी समाज आजही आहे, आणि त्यातील पुष्कळ माणसे गरिबीत आणि उपेक्षेत दिवस काढीत आहेत. त्यांच्याकडे पाहणाऱ्या कितीजणांना, याच भूमीवर एका आफ्रिकी माणसाने पाव शतक राज्य चालविले आणि मराठी मुलखाच्या सारापद्धतीला वळण लावले, हे ठाऊक असते?

मलिक अंबरने वसविलेल्या शहराचे नाव त्याच्या मुलाच्या काळात फतेहनगर झाले, मोगल अमलात औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. शहरांना नावे देण्याचा अधिकार प्रत्येक काळ बजावीतच असतो. स्वतः अंबरने त्या शहराला आपले नाव दिले नव्हते. त्याचे नाव चिकटले ते पाण्याच्या नहराला आणि शेतसाऱ्याच्या पद्धतीला. इतिहास शिकविताना भातवडीची सनावळी पाठ करून घेण्याबरोबर, मोखाच्या बाजारात ८० गिल्डरांना विकल्या गेलेल्या मुलाने कुणब्याच्या कष्टांचा हिशेब कसा मांडला, हेही विद्यार्थ्यांपुढे ठेवले गेले पाहिजे. आफ्रिकेचे देणे महाराष्ट्राने एवढे तरी मान्य करावयास हवे.